स्थिर दिव्याची पोच

ताईचं ते पत्र सव्वा पानाचं होतं आणि त्याचं उत्तर एका ओळीत मावलं असतं. तसं तिनेच शेवटी लिहिलं होतं, 'फार लिहू नकोस, एक ओळ पुरे.' त्याला पन्नास वर्षं झाली. या काळात मी कचेरीचे अहवाल लिहिले, मुलाच्या शाळेला रजेचे अर्ज लिहिले, वर्तमानपत्रांना पत्रं लिहून ती न पाठवता ठेवून दिली, वाचलेल्या पुस्तकांवर टिपणांच्या वह्याच्या वह्या भरल्या. ती एक ओळ तेवढी लिहिली नाही. लोकांना वाटतं, पत्राला उत्तर न देणं म्हणजे काहीच न करणं. तसं नसतं. उत्तर न देणं हे रोज करावं लागतं. सकाळी उठून दात घासावेत तसं मी ते न चुकता केलं आहे, आणि आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मला शंका येते की आयुष्यात चिकाटीने केलेलं माझं तेच एक काम.

मागच्या मंगळवारी या सगळ्यावरचं झाकण निघालं, तेही घराला रंग द्यायचा म्हणून. सून माझ्या खोलीत आली, पदर खोचलेला, नाकाला रुमाल बांधलेला. म्हणाली, "बाबा, ही सगळी पुस्तकं खाली काढायची आहेत. तुम्ही खुर्चीत बसायचं आणि कशालाही हात लावायचा नाही. तुम्ही हात लावलात की एक उघडणार, मग उभ्या उभ्या वाचत बसणार, आणि बाहेर रंगारी म्हातारे होणार." मी बसलो. ती एकेक पुस्तक काढून, उलटं धरून, खिडकीबाहेर झटकत होती. माझ्या प्रत्येक पुस्तकात काही ना काही असतंच. वाचता वाचता कोणी हाक मारली की हाताला लागेल ते खुणेला घालायचं, ही लहानपणापासूनची सवय. "हे बसचं तिकीट. हे लाँड्रीचं बिल. हा बघा, कंगव्याचा तुकडा! बाबा, तुम्ही कंगवासुद्धा सोडला नाहीत?" ती हसत होती, मीही हसत होतो, आणि माझं सगळं लक्ष तिसऱ्या फळीवरच्या एका तपकिरी पाठीच्या जाड पुस्तकाकडे होतं. तिचा हात डावीकडून उजवीकडे सरकत होता. मधे नऊ पुस्तकं होती, मग सात, मग चार. ते राहू दे, एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "पाणी देतेस का जरा?" ती म्हणाली, "देते हं, एवढी फळी झाली की," आणि तपकिरी पुस्तक उलटं धरून तिने दोनदा झटकलं. दुहेरी घडी घातलेला एक कागद आतल्या बाजूला पडला, माझ्या चपलेपाशी. तिने उचलला, उलगडला आणि दुकानाची पाटी वाचावी तशा आवाजात वाचला. "'फिरतं यंत्र नादुरुस्त. आजपासून पंधराव्या दिवशी दिवा स्थिर होईल. तोवर हाताने फिरवीत आहे.' हे काय हो? तुमच्या ऑफिसचं दिसतंय. टाकू?"

"ठेव," मी म्हणालो.

मी बंदर खात्याच्या कचेरीत कारकून होतो. किनाऱ्यावरच्या सगळ्या दिव्यांची एक सूची असे. कोणता दिवा कुठे, किती उंच, स्थिर की फिरता, फिरता असेल तर किती वेळाने लखलखतो. काळोखात समुद्रावरून सगळे दिवे सारखेच. बोटीवरचा माणूस मनात अंक मोजतो आणि त्यावरून हा अमुक दिवा, तो तमुक, असं ओळखतो. म्हणून एखाद्या दिव्यात बदल व्हायचा असेल तर त्याच्या रखवालदाराने पंधरा दिवस आधी छापील चिठ्ठीवर सूचना पाठवायची. ती मी उघडायची, नोंदवहीत चढवायची, बोटींना जाणाऱ्या आठवड्याच्या पत्रकात छापायला द्यायची, आणि मग चिठ्ठीचा खालचा अर्धा भाग बारीक भोकांच्या रेषेवर फाडून, तारीख घालून, सही करून, रखवालदाराला परत धाडायचा. त्या खालच्या भागाला पोच म्हणत. काम एवढंच. हेडक्लार्क म्हणत, "शेंबडं पोरसुद्धा करील," आणि ते मला पटत असे, कारण त्या कामात मला भरपूर वाचता येई. मेजाचा खण अर्धा उघडा ठेवायचा, त्यात पुस्तक. हेडक्लार्कांच्या बुटांची करकर आली की समोरचा कुठला तरी कागद खुणेला घालायचा, खण ढकलायचा आणि लेखणी उचलायची. सात वर्षांत एकदाही सापडलो नाही याचा मला छुपा अभिमान होता. आयुष्यात असल्याच गोष्टींचा अभिमान वाटावा, एवढीच माझी धाव.

सून गेल्यावर मी कागद मांडीवर घेऊन बसलो. खालचा भाग शाबूत होता. भोकांची रेषा जशीच्या तशी. 'सूचना मिळाली. तारीख. सही.' तारखेपुढे आणि सहीपुढे ठिपके. वरचं अक्षर भावोजींचं, ताईच्या यजमानांचं. बोटं जाड असलेल्या माणसाचं, प्रत्येक अक्षर कागदात रोवलेलं. मी तो कागद पन्नास वर्षांनी पाहत होतो की पहिल्यांदाच पाहत होतो, हे मला सांगता येईना. तो त्या पुस्तकात आहे हे मला माहीत होतं का? पुस्तक मी पुन्हा उघडलं नव्हतं. दोनशे बाराव्या पानाशी थांबलो होतो. त्यात दोन भाऊ होते, एक घर सोडून निघाला होता आणि दुसरा त्याला फाटकापर्यंत पोचवायला आला होता, आणि पन्नास वर्षं ते दोघे त्या फाटकाशी उभे आहेत. ज्या माणसाने आयुष्यात एकही पुस्तक अर्धं टाकलं नाही, त्याने हेच का टाकलं? आणि टाकलं तर प्रत्येक घर बदलताना स्वतःच्या हाताने ट्रंकेत घालून बरोबर का नेलं? माहीत नसलेल्या गोष्टीची इतकी काळजी कोण घेतं?

त्या दिव्यावर मी एकदाच गेलो होतो. ताई तिथे राहायला गेल्याला दोन वर्षं झाली होती. टोकावर एक पांढरा मनोरा, पायथ्याशी दोन खोल्या, विहीर, आणि तीन बाजूंनी समुद्र. आठवड्यातून एकदा टपालाची होडी यायची. भावोजी बुटके, मानेचे आखूड, आवाजाने मात्र दोन माणसांचे. मला ते पंडित म्हणत. मी दमत धापा टाकत एकशे चौदा पायऱ्या चढून वर पोचलो तेव्हा ते मऊ चामड्याने भिंग पुसत होते. भिंग कसलं, माणसापेक्षा उंच काचेची कोठीच ती, आत उभं राहिलं तर आपणच शंभर तुकड्यांत दिसावं. "नख लावू नकोस, पंडित. बायकोचा भाऊ म्हणून गय करणार नाही, खाली फेकीन." ती सगळी काच भिंतीवरच्या घड्याळासारखी वजनावर फिरायची. साखळीला टांगलेलं वजन हळूहळू खाली उतरायचं आणि दर चार तासांनी हँडल फिरवून ते वर चढवायचं. रखवालदार झोपला की वजन तळाला टेकणार, यंत्र थांबणार आणि फिरता दिवा स्थिर होणार. "एक उजेड, बारा अंधार," भावोजी म्हणाले. "मोज. ही आपल्या दिव्याची सही. खाडीच्या पलीकडे बंदराचा दिवा आहे तो स्थिर. स्थिर दिसला की बोटी खुशाल आत वळतात. इकडे वळल्या तर खाली खडकच खडक." मग चामडं खांद्यावर टाकून म्हणाले, "तुझी पुस्तकं गावात चार जण वाचत असतील. माझा दिवा रोज पन्नास बोटी वाचतात, आणि तेही बिनचष्म्याच्या." खालच्या वळणावरून ताईचा आवाज आला, "आणि एकीनेही अजून परत येऊन छान होता म्हटलेलं नाही!" ती चहाचे कप घेऊन चढत होती. तिला धाप लागलेली नव्हती. माझ्याहून सात वर्षांनी मोठी, पण त्या पायऱ्यांवर तिचा चेहरा मी लहानपणी पाहिलेला तसा होता; मला आंब्याच्या, चुकलो, कुठल्या तरी झाडावर चढायला शिकवताना होता तसा. झाड कोणतं ते आठवत नाही. मला हल्ली अशा गोष्टी आठवत नाहीत आणि बारा अंक मोजणं तेवढं विसरत नाही. झोप लागत नसली की अजून मोजतो. बारा झाले की डोळे मिटलेले असले तरी उजेड येतो.

त्या भेटीनंतर तीन वर्षांनी एक प्रवासी बोट त्या खडकांवर चढली. अकरा माणसं गेली. बोट हाकणाऱ्या तांडेलाने चौकशीत सांगितलं की समोरचा दिवा स्थिर होता म्हणून तो बंदराचा समजून मी वळलो. भावोजी म्हणाले, बरोबर आहे, स्थिरच होता, यंत्राचं दातेरी चाक तुटलं होतं आणि मी पंधरा दिवस आधी कचेरीला लेखी कळवलं होतं. मग मला बोलावलं. लांबट मेज, त्यावर हिरवं कापड, झाकण घातलेला पाण्याचा तांब्या. मी त्या तांब्याकडेच पाहत होतो. "अशी सूचना कचेरीत आली होती का?" मी म्हणालो, "नोंदवहीत नाही, साहेब." हे वाक्य मी आतापर्यंत हजारदा तपासलं आहे. त्यात एक अक्षर खोटं नाही. पुढची फेरी त्याहून वाईट. साहेबांनी भावोजींना विचारलं, "पोच आली होती?" "नाही." "मग पोच न येता दिवा स्थिर का केलात?" मी तीन खुर्च्या सोडून बसलो होतो. भावोजींनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, मला धीर देतात तशी. मग साहेबांना म्हणाले, "कचेरीतल्या माणसाची चूक नसेल, साहेब. टपालात गेली असेल." माझी बाजू त्यांनी घेतली. मी बाहेर आलो आणि कचेरीच्या मागच्या नळावर तोंड धुतलं, खूप वेळ धुतलं, आणि त्या संध्याकाळी खणातलं तपकिरी पुस्तक पिशवीत घालून घरी आणलं. न उघडता. त्याच्या मधोमध काहीतरी आहे हे पानांच्या कडेवरून दिसत होतं. कागद होता. कुठलाही कागद असू शकतो, असं मी मनाशी म्हणालो, आणि हे म्हणताना मला बरं वाटलं, हे मला स्पष्ट आठवतं.

तीन दिवसांनी ताईचं पत्र आलं. ते माझ्याकडे आता नाही, पण ते असायची गरज नाही. 'चि. भाऊस अनेक आशीर्वाद. निकाल पुढच्या सोमवारी आहे. हे म्हणतात चिठ्ठी टपालात गेली. चाक तुटल्या दिवसापासून आम्ही दोघं ती काच हाताने फिरवत होतो. एक उजेड, बारा अंधार, तोंडाने मोजत. आधी हे, मग मी, मग हे. माझ्या तळहातांची सालं गेली, यांना दहाव्या दिवशी ताप भरला तरी सोडलं नाही. मी म्हणत होते पोच अजून आली नाही. हे म्हणाले, पोच कशाला हवी, तिथे आपला माणूस बसलाय. पंधरावा दिवस उजाडला तेव्हा हे म्हणाले, आता सगळ्यांना कळलं असेल, आता सोड. दिवा पेटवून स्थिर ठेवला आणि आम्ही जे पडलो ते सकाळीच उठलो. लोक हाका मारत होते तेव्हा. भाऊ, रागावू नकोस. तुझी सवय मला माहीत आहे. माझ्या वेणीची फीत तुझ्या भूगोलात निघाली होती. एकदा तुझी पुस्तकं झटकून बघ. असली तर असली, नसली तर नसली. फार लिहू नकोस, एक ओळ पुरे.'

तिला माहीत होतं. म्हणूनच मी उत्तर देऊ शकलो नाही. तिने शिव्या दिल्या असत्या तर मी पुस्तक झटकलं असतं, असं मला आजवर वाटत आलं, पण हे खरं नसेल. मी त्या सोमवारपर्यंतचे दिवस मोजत बसलो. शुक्रवारी वाटलं, उद्या. शनिवारी वाटलं, आता लिहूनही वेळेवर पोचणार नाही. रविवारी मी दुसरं एक पुस्तक सुरू केलं. भावोजींना काढून टाकलं. कचेरीत कोणीतरी म्हणालं, "तुमचे नातेवाईक होते ना ते? वाईट झालं," आणि मी म्हणालो, "हो ना." पुढे ते एका गोदामावर पहारेकरी झाले, तेही दिवसाचे, झोपणाऱ्याला रात्रपाळी कोण देणार, असं तेच हसून सांगत. आई गेली तेव्हा भेटलो, मुलाच्या लग्नात भेटलो. दर वेळी ते मला पंडित म्हणाले. दर वेळी ताईने मला वाढलं, तब्येत विचारली, आणि पत्राचा विषय काढला नाही. वीस वर्षांपूर्वी ते गेले तेव्हा मी दोन दिवस तिच्याकडे राहिलो. निघताना ती दारात आली आणि म्हणाली, "वाचन चालू आहे ना?" एवढंच. त्यात टोमणा होता की माया होती, हे मी आजवर ठरवू शकलेलो नाही. बहुतेक दोन्ही नव्हतं. बहुतेक ती फक्त विचारत होती.

दिव्याचं पुढे काय झालं तेही माझ्याच मेजावरून गेलं. खात्याने यंत्र दुरुस्त केलं नाही. दोन मैलांवर लोखंडी खांबावर आपोआप चालणारा दिवा बसवला आणि मनोरा तसाच सोडला. समुद्राने टोक खालून पोखरलं. अकरा वर्षांनी एका वादळात मनोरा पडला आणि तिथल्या बंदर अधिकाऱ्याची चिठ्ठी आली: 'दिवा नाहीसा. सूचीतून वगळावा.' ती मी त्याच मिनिटाला नोंदवहीत चढवली. खालचा भाग भोकांवर नीट फाडला, तारीख घातली, सही केली, त्याच दिवशीच्या टपालात पोच टाकली. हेडक्लार्क म्हणाले, "काय हो, आज पुस्तक संपलं वाटतं!" म्हणजे त्यांनाही माहीत होतं. सगळ्यांनाच सगळं माहीत असतं, आणि आपण मात्र जन्मभर खण ढकलत बसतो.

चिठ्ठी सापडली त्याच्या दुसऱ्या दिवशी उत्तर लिहायला बसायच्या ऐवजी मी दिव्याची जागा पाहायला निघालो. ही माझी जुनी युक्ती. करायचं ते सोडून त्याच्या शेजारचं काहीतरी अगदी मन लावून करायचं. सुनेला सांगितलं, जुन्या मित्राकडे जातो. पाच तासांची बस. डुलकी लागली होती. कंडक्टर ओरडला, "चला, झोपाळू! झोपाळू, उतरून घ्या!" मी दचकून डोळे उघडले आणि ओशाळून सरसावून बसलो. मागचा कोणीतरी हसला. कंडक्टर जवळ येऊन म्हणाला, "आजोबा, तुम्हाला नाही हो म्हटलं. थांब्याचं नाव ते. पण उतरा, तुमचं तिकीट इथलंच आहे."

"मी तर दीपगृहाचा थांबा मागितला होता."

"तोच हा. कागदावर ते, तोंडात हे. पूर्वी इथला दिवेवाला झोपला आणि बोट बुडाली ना, तेव्हापासून झोपाळूचं टोक. माझ्या आजीच्या तोंडी हेच होतं."

बस गेली. मी थांब्याच्या खांबाला धरून उभा राहिलो. मला वाटलं होतं की भावोजींची बदनामी एका फाईलमध्ये आहे, फाईल एका कपाटात, कपाट पाडलेल्या इमारतीत. ती इथे होती. ती मुलं शाळेत जाताना उच्चारत होती, पाव विकणारा उच्चारत होता, आणि त्यांच्यापैकी कोणाच्याही मनात कोणाबद्दल काही वाईट नव्हतं. पायवाट काटेरी झुडपांतून गेली. मी एका दगडावर बसत, उठत चाललो. मनोरा नसणार हे माहीत होतं. पण जिथे तो नसायला हवा होता ती जागाही नव्हती. टोक आधीच संपलं. पुढे नुसती हवा, आणि खाली बऱ्याच अंतरावर, लाट मागे गेली की उघडं पडणारं दगडांचं एक गोल कडं आणि त्यात चार गंजलेले खिळे, मनगटाएवढे जाड. त्या कड्याच्या वर, आता जिथे काही नाही तिथे, एकशे चौदा पायऱ्यांच्या उंचीवर ताई आणि भावोजी पंधरा दिवस ती काच ढकलत होते. मी ती हवा निरखून पाहिली. काय दिसणार! भरदुपार होती. मी बारापर्यंत मोजलं. काही आलं नाही.

कडेला एक शिळा होती, अकरा नावांची, नुकतीच पांढरी केलेली. तिच्या सावलीत एक बाई जाळं दुरुस्त करत बसली होती, पन्नाशीची, दातांत दोरा धरलेला. दोरा तोडून म्हणाली, "कडेला नका जाऊ, बाबा. कालच एक शेळी गेली. तुमच्यात तर शेळीएवढीही शुद्ध दिसत नाही." मग जरा नरमली. "बसा की. तुमचं कोण होतं बोटीत?"

"बोटीत कोणी नाही."

"मग? ही नावं वाचायला येतात ते कोणाचे तरीच असतात. माझा आजा आहे यात, चौथा. मी पाहिला नाही त्याला. दिवेवाल्याने यंत्राला चावी द्यायची सोडून ताणून दिली, आणि गेले बिचारे."

माझ्या आतल्या खिशात ती चिठ्ठी होती. ती काढून तिच्यापुढे धरावी आणि मोठ्याने वाचावी, एवढं सोपं होतं ते. ती चौथ्या नावाची नात होती. हा कागद कोणाच्या मालकीचा असेलच तर तिच्या. मी म्हणालो, "चावी द्यायची नव्हतीच. चाक तुटलं होतं. ती दोघं नवराबायको हाताने फिरवत होती, पंधरा दिवस. बाई होती ती माझी बहीण."

तिने सुई थांबवली. मग अगदी साधेपणाने, काही वाकडं मनात न ठेवता, तिने विचारलं, "म्हणजे त्या दिवशी झोपला नव्हता तो?"

"झोपला होता," मी म्हणालो. "पंधरा दिवसांत पहिल्यांदा."

"मग तेच तर म्हणतात सगळे," ती म्हणाली, आणि पुन्हा जाळ्यात सुई घातली.

पुढचं वाक्य माझ्या तोंडात होतं. तो कोणाच्या भरवशावर झोपला, हे ते वाक्य. ते मी गिळलं. पन्नास वर्षांचा सराव असला की वाक्यं फार सहज गिळली जातात. मी उठलो तेव्हा ती म्हणाली, "बहीण आहे अजून?" मी हो म्हणालो. "तिला सांगा, शिळा आम्ही दर वर्षी रंगवतो. तिला बरं वाटेल." मी मान हलवली. मान हलवताना मला भावोजींची मान आठवली.

परत आल्यावर भाचीला फोन केला. ताई तिच्याकडेच असते. "मामा! किती दिवसांनी! आईला देऊ म्हणजे? तिला कुठे ऐकू येतंय आता, ढोल वाजवला तरी ती म्हणते बाहेर वारा आहे. डोळे मात्र ठणठणीत. माझ्या मुलाच्या अभ्यासाच्या वहीत चुका काढते. तू पत्र लिही तिला. तू तर काय, लिहिणारा माणूस."

लिहिणारा माणूस तीन दिवस लिहीत बसला. बाहेरच्या खोलीत रंगारी भिंती घासत होते. माझी पुस्तकं चादरीखाली ढीग करून ठेवलेली होती, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा मला वाचायला काही नव्हतं. पहिल्या मसुद्यात मी खुलासा केला. तो सात पानांचा झाला आणि सातव्या पानावर मला माझी कीव यायला लागली तेव्हा फाडला. दुसऱ्यात क्षमा मागितली. ती वाचताना लक्षात आलं की पंच्याऐंशी वर्षांच्या बाईकडे मी अजून काहीतरी मागतोच आहे. तिसऱ्यात मी लिहिलं की कागद आता सापडला, सुनेने झटकताना, अचानक. यातही एक अक्षर खोटं नव्हतं. तो मसुदा मी सगळ्यात जास्त वेळ हातात धरला. तो पाठवला असता तर ताईने तो मान्य केला असता. तिने भाचीला सांगितलं असतं, बघ, टपालात गेली नव्हती, पुस्तकात राहिली होती, त्याला बिचाऱ्याला काय माहीत. मी तिच्या तोंडी ती वाक्यं ऐकली आणि तो मसुदाही फाडला.

चौथ्या दिवशी सकाळी मी चिठ्ठी मेजावर ठेवली. भोकांची रेषा पन्नास वर्षांत ठिसूळ झाली होती. पट्टी लावून, श्वास धरून फाडावी लागली. वरचा भाग आणि खालचा भाग वेगळे झाले. खालच्यावर सही करणं सोपं होतं. तारखेशी अडलो. आजची घालावी तर ती तिसऱ्या मसुद्यातल्या 'आता सापडला'ची तारीख होती. चिठ्ठी ज्या दिवशी माझ्या मेजावर आली तो दिवस मला माहीत होता का? माहीत होता. दोन भावांपैकी एक फाटकाशी वळला होता, बाहेर बुटांची करकर झाली होती, आणि सगळ्यात वरच्या लिफाफ्यातला, नुकताच उघडलेला कागद मी पाहिला होता. नुसता उचलला नव्हता. पाहिला होता. वरचं अक्षर ओळखलं होतं, भावोजींचं, आणि मनात म्हटलं होतं, घरचंच आहे, सावकाश करू. आपलाच माणूस आहे, चालतं. तो गुरुवार होता. मी त्या गुरुवारची तारीख घातली. चौकशीच्या अठरा दिवस आधीची, बोट फुटण्याच्या चौदा दिवस आधीची तारीख, आजच्या शाईने. त्याखाली ओळ छापलेलीच होती. 'सूचना मिळाली.' मी आणखी काही लिहिलं नाही. तिने एकच ओळ मागितली होती.

दोन्ही भाग एकाच पाकिटात घातले. पत्ता लिहिताना ताईचं पूर्ण नाव कितीतरी वर्षांनी लिहिलं. सून दारातून म्हणाली, "बाबा, रंग ओला आहे, भिंतीला टेकू नका. कुठे निघालात?" मी म्हणालो, "पोस्टात." ती म्हणाली, "द्या ना, मी टाकते जाताना." मी नको म्हणालो. पोस्टाच्या खिडकीवर एक मुलगी होती. तिने पाकीट तागडीत टाकलं, वजन पाहिलं, शिक्का मारला. कागदाच्या दोन अर्ध्या तुकड्यांना वजन असं नव्हतंच. "आजोबा, पोच हवी का? मिळाल्याची सही घेऊन परत येते, थोडे जास्त पडतात."

मागे रांग होती. कोणीतरी घसा खाकरला. मी ताईच्या हाताचा विचार केला. तळहातांची सालं गेलेले ते हात, आता भाचीच्या घरी, खिडकीपाशी, पाकीट फोडणारे. पोच येईपर्यंतचे दिवस मी मोजले असते, आणि ती आली असती तर तिच्यावरची सही पाहून मला काय काय वाटून घेता आलं असतं.

"नको," मी म्हणालो.

तिने पाकीट मागच्या पिशवीत टाकलं.